गाडगेबाबांची पंढरी

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची प्रथा आहे. आजवर बहुतेक थोर स्त्रियांचीच चरित्रे झाली. यंदा संपादक भगिनींनी हे काम माझ्याकडे सोपविले तेव्हा मी गाडगेबाबांचे नाव घेतले. पुरुषाचे चरित्र कशाला, असे एक-दोघींनी विचारलेही. पण ज्या माणसाने जन्मभर हातात खराटा धरला आणि दुसऱ्यांची अंगणे झाडली, त्याला बायकांच्या मंडळात परके कसे मानावे? माझी आई मूर्तिजापूरकडची. लहानपणी तिने बाबांना पाहिले होते, त्यामुळे आमच्या घरी त्यांच्या गोष्टी रामायण-महाभारताइतक्याच ऐकायला मिळाल्या. तेव्हा हे नाव मला दूर शोधायला जावे लागले नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे 23 फेब्रुवारी 1876 रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकरच वारले. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे भावाच्या आश्रयाला आली. मामाच्या घरी डेबू गुरे राखी, नांगर धरी, पुरात बेधडक पोहे. शाळा मात्र त्याला दिसली नाही. पुढे मामा सावकाराच्या कर्जात सापडले. कागदावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसताना अंगठे उठले आणि मोलाची जमीन हातची गेली. त्या धक्क्याने मामा खचले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली तेव्हा तरुण डेबू त्यांच्यापुढे उभा राहिला, अशी हकीकत सगळे चरित्रकार देतात. माझ्या मते बाबांचे सगळे कीर्तन त्या शेताच्या बांधावरच सुरू झाले. कर्ज, दारू आणि निरक्षरता हे तीन वैरी त्यांनी पुराणात वाचले नव्हते. ते घरात येऊन बसलेले त्यांनी पाहिले होते.

1892 साली कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलगी अलोका हिच्या बारशाला जातगंगेला मटण आणि दारूचे जेवण घालण्याचा रिवाज होता. डेबूजींनी तो मोडला आणि गोडाचे जेवण वाढले. आज ही गोष्ट लहान वाटेल. पण जातीचे पंच रुसले की घराचे पाणी तुटे, त्या काळात ती केली, हे ध्यानात घ्यावे. देवाच्या नावाने बकरे कापणे आणि त्यासाठी कर्ज काढणे याविरुद्ध पुढे गावोगावच्या जत्रांत ते जन्मभर बोलत राहिले.

1 फेब्रुवारी 1905 रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे पांघरूण, हातात काठी आणि खराटा, जवळ मातीचे फुटके गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. त्यातच ते भाकरी घेत, त्यातच पाणी पीत आणि पुष्कळदा तेच डोक्यावर पालथे घालीत.

येथे मला एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. साधू घर सोडतो तेव्हा त्याच्या वैराग्याचे सारे कौतुक करतात. मागे राहते तिचे नाव कोणी घेत नाही. कुंताबाईंनी सासू सांभाळली, लेकरे वाढविली, कष्ट केले, आणि पुढे नवऱ्याच्या नावाच्या मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांपैकी एका खोलीवरही आपला हक्क सांगितला नाही. बाबांच्या त्यागातला निम्मा भाग त्यांच्या नावे मांडावयास हवा, असे मला वाटते.

बाबांची रीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. अनोळखी गावात शिरायचे, कोणाला काही न सांगता रस्ते झाडू लागायचे, गटार मोकळे करायचे. लोकांना वाटे कोणी वेडा आला. संध्याकाळपर्यंत गाव झाडून झाले की त्याच गावात रात्री कीर्तन. माझी आई सांगे, त्यांच्या गावी बाबा येणार असे कळले तेव्हा बायामाणसांनी आदल्या दिवशीच चावडीपुढचे आवार सारवून ठेवले. बाबा आले ते सारवलेल्या जागेकडे न पाहता थेट विहिरीमागच्या उकिरड्याकडे गेले. मग काय, सगळ्या आयाबाया पदर खोचून त्यांच्या मागे! कीर्तनात ते वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारीत, उत्तरे त्यांच्याकडूनच काढून घेत. भांडी विकावी लागली, हातावर भाकरी घेऊन खावी लागली, बायकोला हलके लुगडे घ्यावे लागले तरी चालेल, पण मुलांना शिकवा, हे त्यांचे ठरलेले सांगणे. शेवटी गोपाळाचा गजर होई आणि लोक भानावर येईतो बाबा अंधारात पुढच्या गावाची वाट चालू लागलेले असत. पाया कोणाला पडू देत नसत. पडलाच तर काठी बसे. गुरू नाही, चेला नाही. एकदा कीर्तन चालू असता एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांना आली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. या प्रसंगाने मी अजूनही बुचकळ्यात पडते. आईच्या काळजाला तो मानवत नाही. पण घडले ते असे.

आता पंढरीकडे वळते.

बाबांचे पहिले मोठे काम ऋणमोचनला झाले. पूर्णा नदीच्या काठचे हे तीर्थ वऱ्हाडात प्रसिद्ध आहे. पौषातल्या रविवारी तेथे यात्रा भरते. नदीच्या उतारावर चिखल, त्यात म्हाताऱ्या बायका घसरत, कडेवरच्या लेकरासकट पडत. देवाला नवस फेडायला आलेली बाई हात मोडून घरी जाई. बाबांनी आधी स्वतःच्या हातांनी माती-दगड टाकून वाट केली, पुढे लोकांकडून मदत जमवून घाट बांधविला. तीर्थात देवापर्यंतची वाट ही भक्ताची पहिली गरज आहे, ही साधी गोष्ट त्यांनी तेथे ओळखली.

पंढरपूर हे त्याहून कितीतरी मोठे. आषाढी-कार्तिकीला लाखो माणसे येत. राहण्याची सोय ज्याच्या खिशात पैसे त्याला. बाकीचे वाळवंटात, पावसात, कुडकुडत. त्याच वाळवंटात स्वयंपाक, तेथेच शौच आणि त्याच चंद्रभागेचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीने पिणे. यात्रेत पटकी फुटे आणि वारकऱ्यांबरोबर ती गावोगाव जाई. विठ्ठलाला भेटायला गेलेला माणूस परत आलाच नाही, असे जुन्या घरांत कितीदा ऐकले आहे! बाबांचा खराटा पंढरीच्या वाळवंटात फिरू लागला तो या वाळूवर. लोक त्यांच्याकडे कौतुकाने पाहत. पण ते झाडणे निव्वळ भक्तिभावाचे नव्हते, त्यामुळे माणसे जगत होती.

देवळाच्या आत निराळाच कारभार होता. विठ्ठलाच्या उत्पन्नावर बडव्यांचा आणि रुक्मिणीच्या उत्पन्नावर उत्पातांचा पिढीजात हक्क. त्याखेरीज पुजारी, बेणारी, परिचारक, हरिदास, डिंगरे, दिवटे, डांगे असे सात सेवाधारी. बडव्यांत देवापुढे येणाऱ्या दिवसाच्या उत्पन्नाचा हक्क लिलावाने दिला जाई. ज्याने मोठी बोली केली त्याला तो पैसा संध्याकाळपर्यंत वसूल करावाच लागणार. मग समोर आलेल्या भाविकाकडे तो कोणत्या नजरेने पाहील? जाड गठडीवाल्याला देवाच्या पायांशी उभे राहायला वेळ मिळे, आणि फाटक्या धोतरावाल्याचे डोके वीटेला टेकते न टेकते तोच मानेवर हात येई. हे केवळ एका जातीच्या माणसांचे दुष्टपण होते असे मी म्हणणार नाही. देवाचा दिवस लिलावात काढला की कोणीही त्या जागी बसला तरी हेच होणार.

आणि ज्यांच्या हातांत गठडी असो वा नसो, आत पाऊलच टाकता येत नसे, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे, तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. अस्पृश्य मानलेल्या जातींचा वारकरी शेकडो मैल चालून यायचा तो तेथपर्यंत. तेथून कळसाला हात जोडायचे आणि मागे फिरायचे. चोखोबांचे अभंग आत देवापुढे गायले जात आणि चोखोबांची लेकरे बाहेर उभी. इतकेच नव्हे, त्यांना गावात उतरायलाही जागा मिळत नसे.

चरित्रकार सांगतात की बाबा पंढरीची वारी करीत, पण दर्शनासाठी देवळात जात नसत. ते वाळवंटात झाडीत, महारोग्यांची सेवा करीत, रात्री कीर्तन करीत आणि परतत. काहींच्या मते त्यांना मूर्तीत देव दिसतच नव्हता. असेल. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या दाराशी चोखोबांची माणसे अडविली जात, त्या दारातून आपण एकट्याने आत कसे जावे, असे त्यांना वाटत असले पाहिजे. ते याविषयी फारसे बोलले नाहीत. त्यांनी इमारत बांधली. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा पुरी झाली. चिखलात बसणाऱ्या वारकऱ्याच्या डोक्यावर छप्पर आले. ज्याला देवाच्या गावात पाठ टेकायला जागा नव्हती, त्याला हक्काचे दार मिळाले.

पुढे पंढरपुरात मराठा धर्मशाळा झाली, परीट धर्मशाळा झाली. नाशिक, देहू, आळंदी येथेही त्यांच्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. आज या जातवार नावांनी आपण थबकतो. एवढा मोठा सुधारक, मग प्रत्येक जातीचे वेगळे छप्पर कशाला? मी यावर पुष्कळ विचार केला. त्या काळी दान जातीच्या नावाने मिळे आणि एकत्र राहण्यास लोक तयार नसत. एकच मोठी धर्मशाळा बांधली असती तर तिच्यातूनही चोखोबांची माणसे बाहेर काढली गेली असती. म्हणून ज्याला अजिबात जागा नाही त्याला आधी दिली. हे मला पटते; पूर्ण पटते असे नाही, पण पटते. 1949 साली तीच चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक निरक्षर परीट आणि एवढा मोठा विद्वान यांचा एकमेकांवरचा जिव्हाळा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्याआधी दोन वर्षे, 1947 साली, देवळाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि 1 मे पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण मांडले. बडवे मंडळींनी संमती दिल्यावर 10 मे रोजी ते सुटले. त्याच वर्षी मुंबई इलाख्यात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. महाद्वाराशी थांबणारी पावले अखेर पायरी ओलांडून आत गेली.

उतारवयातही बाबा थांबले नाहीत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात परगावाहून आणलेल्या रोग्यांचे नातेवाईक फुटपाथवर झोपत. त्यांच्यासाठी 1954 साली तेथे धर्मशाळा झाली. मला हे फार अर्थपूर्ण वाटते. पंढरीच्या वाळवंटातला वारकरी आणि इस्पितळाच्या दाराशी बसलेली आई यांच्यात बाबांना भेद दिसला नाही. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर जमले. स्वतःच्या कुटुंबाचा त्यावर काडीचा हक्क नाही, अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर मोटारीतच त्यांचे निधन झाले. डॉ. आंबेडकरांना जाऊन तेव्हा जेमतेम चौदा दिवस झाले होते.

त्यानंतरची पंढरीची हकीकत थोडक्यात सांगते. देवळाच्या कारभाराच्या तक्रारी वाढल्या, सरकारने चौकशी केली आणि 1973 साली बडवे-उत्पातांचे हक्क काढून घेणारा कायदा झाला. कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या. अखेर जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि कारभार पूर्णपणे मंदिर समितीकडे आला. त्याच वर्षी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांना पुजारी म्हणून घेण्याचे समितीने ठरविले.

तरी भगिनींनो, लिलाव संपला म्हणून देवाघरचा भेदभाव संपला असे कोणी समजू नये. आज ठिकठिकाणच्या देवळांत दोन रांगा असतात. माणशी 200 रुपयांची, 500 रुपयांची पावती फाडली की एका बाजूच्या दाराने अर्ध्या तासात दर्शन होते. ओळख असेल तर पावतीही लागत नाही. गेल्या माघात आपण 38 जणी यात्रेला गेलो. त्या देवस्थानाचे नाव मी लिहीत नाही, कारण ही गोष्ट काही एकाच ठिकाणची नाही. नऊ जणींनी पावत्या घेतल्या आणि त्या साडेनऊला बाहेर आल्या. बाकीच्या आम्ही लोखंडी कठड्यांमधल्या वळणावळणाच्या रांगेत दुपारी अडीचपर्यंत होतो. आपल्या मंडळाच्या पोळ्या करणाऱ्या मावशी माझ्या पुढे होत्या. पाच तासांत एकदाही लघवीला जायची सोय नाही. सोडून गेले तर नंबर जातो. मावशी सकाळपासून पाणीच प्यायल्या नव्हत्या. रांगेतल्या बायका असेच करतात, हे मला त्या दिवशी कळले. देवापुढे आम्हांला मिळाला तो एक धक्का आणि पुढे चला असा ओरडा. बसमध्ये परत आलो तेव्हा आत बसलेल्या भगिनी उशीर झाला म्हणून कंटाळल्या होत्या. कोणी कोणाला काही बोलले नाही. पण परतीच्या वाटेवर नेहमीची भजने झाली नाहीत, हे सगळ्यांच्या लक्षात असेल.

पावती घेणाऱ्या भगिनींची बाजूही मी ऐकली आहे. देवस्थानाला खर्च असतो, अन्नछत्र चालवायचे असते, तो पैसा अशा पावत्यांतून येतो. कोणाचे गुडघे दुखतात, कोणाला मधुमेह आहे. हे सगळे खरे आहे. पण दुखणाऱ्या गुडघ्याला आधी सोडायचे तर मावशींचे गुडघे काही कमी दुखत नाहीत. त्यांच्याजवळ 200 रुपये नव्हते एवढेच. म्हातारी, आजारी, गरोदर, लेकुरवाळी यांना पुढे घ्यावे. त्यासाठी गुडघा पाहावा, पाकीट पाहू नये. अन्नछत्राला द्यायचे ते पेटीत टाकावे. पेटीला रांग नसते.

आता मंडळापुढचा प्रश्न. वर्धापनवर्षानिमित्त जमलेल्या निधीतून त्याच देवस्थानाला चांदीची प्रभावळ द्यावी, अशी एक सूचना आली आहे. तसे केल्यास मंडळाचे नाव संगमरवरी पाटीवर लागेल आणि कार्यकारिणीच्या सभासदांना वर्षातून दोनदा खास दर्शन मिळेल, असे कळते. कार्यकारिणीत मीही आहे, तेव्हा ते दर्शन मलाही मिळेल. तरी माझे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे आणि ते मी सभेत मांडले आहे. आषाढात आपल्या गावावरून दिंड्या जातात. त्यांत निम्म्या बायका असतात. त्या पहाटे अंधारात नाल्याच्या काठी जातात आणि दिवसभर पाणी टाळतात, कारण गावात त्यांच्यासाठी आडोसा नाही. बसस्थानकामागची जागा ग्रामपंचायत देण्यास तयार आहे. तेथे बायकांसाठी सहा संडास, चार न्हाणीघरे, पाण्याची टाकी आणि पावसात बसता येईल अशी पत्र्याची शेड होऊ शकते. प्रभावळीइतकाच खर्च आहे. वर्षभर झाडण्या-धुण्याची व्यवस्था मात्र आपल्यालाच करावी लागेल आणि त्यासाठी आळीपाळीने नावे द्यावी लागतील. माझे नाव मी पहिल्या महिन्यासाठी लिहून दिले आहे.

दोन्ही सूचना वार्षिक सभेपुढे येतील. अंदाजपत्रक चिटणीसबाईंकडे ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी मंगळवारी भजनाच्या आधी, चारच्या सुमारास यावे. मावशींनाही या वेळी सभेचे बोलावणे आहे.